एक ओळ बदलायची आणि दीड मिनिट वाट बघायची

या वेळच्या पत्रांमध्ये बिल्डची, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवण्याची, रड एवढी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलतेय, त्या मंडळींनी रागावू नका. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं. मेकफाईलशी (काय कशातून बनवायचं ते मेक हे बिल्ड टूल जिथे वाचतं ती फाईल) ज्यांचा कधी संबंध आलेला नाही त्यांनी सरळ पान उलटलं तरी चालेल.

प्रश्न: ताई, आमचा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट आहे, साधारण साडेचार हजार फाईली. प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी मेकफाईल, वरची मेकफाईल एकेका फोल्डरमध्ये शिरून तिथे परत मेक चालवते. बारा वर्षं जुनं आहे सगळं, ज्यांनी लिहिलं ते कधीच सोडून गेले. कुठल्याही फाईलीत एक ओळ बदलली तरी दीड मिनिट लागतं. आता वरून फर्मान आलंय की सगळं निंजात, म्हणजे मेकच्या जागी वापरायच्या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये, कन्व्हर्ट करा. काटी नावाचं एक टूल मिळालंय, ते मेकफाईल वाचून निंजाची फाईल आपोआप काढून देतं म्हणे. करावं का? खरंच फरक पडेल?

उत्तर: आधी घड्याळ लावा. मेक चालवा, संपू दे, आणि कशालाही हात न लावता लगेच परत चालवा, या वेळी कमांडच्या आधी टाईम लिहून. काहीच बदललेलं नाही म्हणजे कंपायलरला कामच नाही, तरीही जो वेळ लागतो तो सगळा मेकचा स्वतःचा, नुसतं काय करायचंय ते ठरवण्याचा. याला नल बिल्ड म्हणतात. तुमच्या दीड मिनिटातलं एक मिनिट जर यातच जात असेल तर कन्व्हर्ट करण्यात अर्थ आहे. पण नल बिल्ड चार सेकंदांत आटपत असेल आणि बाकीचा वेळ त्या एका फाईलीच्या कंपाइलला नि लिंकला जात असेल तर निंजा आणा नाहीतर आणखी काही आणा, कंपायलर तोच आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर तोच, वेळही तेवढाच. हे न बघता कन्व्हर्जनला बसलेली एक टीम मी जवळून बघितलीय, तीन आठवडे खपले बिचारे आणि शेवटी हाती लागले दोन सेकंद, कारण सगळा वेळ लिंकर खात होता.

आता ठरवण्यात एवढा वेळ का जातो. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं आणि त्याची मूळ पद्धत आजही तीच आहे: बनवायच्या फाईलीपेक्षा ती ज्यातून बनते ती फाईल नवी असेल तर परत बनवा, बस. मागच्या वेळी काय केलं होतं ते मेकला आठवत नाही. दर वेळी मेकफाईल पहिल्या ओळीपासून वाचायची, सगळे व्हेरिएबल उलगडायचे, नियम जुळवायचे आणि मग प्रत्येक फाईलीची तारीख-वेळ विचारत फिरायचं. तुमच्याकडे तर हे एकदा होत नाही, जेवढे फोल्डर तेवढ्या वेळा होतं, आणि प्रत्येक फोल्डरची मेकफाईल तीच ती कॉमन कॉन्फिग फाईल परत परत वाचते. शिवाय या प्रकारात कुठल्याच एका मेकला अख्खं चित्र दिसत नाही, हा फोल्डर आधी की तो आधी हे माणसाने हाताने लिहिलेलं असतं आणि ते हमखास कुठेतरी चुकलेलं असतं. फोल्डरागणिक मेक चालवण्याच्या या पद्धतीबद्दल पीटर मिलर यांनी १९९८ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय, म्हणजे दुखणं जुनंच.

एक गंमत बघा. मेकला डॅश डी देऊन चालवा आणि आउटपुट एका फाईलीत काढून घ्या. त्यात तुमचा एखादा साधा हेडर (सोर्स फाईली इनक्लूड करून आत ओढतात ती फाईल) शोधा. त्या एका हेडरसाठी मेक काय काय हुडकतंय ते दिसेल: याच नावाची, शेवटी कॉमा आणि व्ही लावलेली फाईल आहे का, आरसीएस नावाच्या फोल्डरमध्ये आहे का, नावाच्या आधी एस आणि टिंब लावून आहे का, एससीसीएस नावाच्या फोल्डरमध्ये आहे का. ही सगळी गिटच्या कितीतरी आधीच्या व्हर्जन कंट्रोलची भुतं आहेत, मेकच्या अंगभूत नियमांमध्ये अजून बसलेली, आणि ती तुमच्या हजारो हेडरना एकेक करून विचारली जातात. मेकला डॅश आर दिलं की हे बंद. मात्र अंगभूत नियमांवर तुमची एखादी मेकफाईल अवलंबून असेल तर ती बोंबलेल, तेव्हा एकदा सगळं साफ करून पूर्ण बिल्ड करून बघा.

वेळ खाणारी दुसरी जागा म्हणजे मेकफाईलीतून चालवलेल्या शेल कमांड. माझ्या स्वतःच्या अनुभवातलं सांगते. एका प्रोजेक्टमध्ये सोर्स फाईलींची यादी फाइंड कमांड चालवून एका व्हेरिएबलमध्ये घेतली होती, आणि मध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह होतं. नुसतं बरोबर लिहिलं की मेक ती किंमत साठवत नाही, कृती साठवतं, म्हणजे तो व्हेरिएबल जिथे जिथे वापरला जाईल तिथे तिथे फाइंड नव्याने धावणार. खाली एक लूप होता, दर मॉड्यूलमागे तो व्हेरिएबल दोनदा वापरणारा, आणि मॉड्यूल होते शंभराच्या वर. अख्ख्या डिस्कवर फाइंडची परेड चालली होती नि आम्ही नव्या मशीनची मागणी टाईप करत होतो. बरोबरच्या आधी एक कोलन टाकला, म्हणजे एकदाच काढ आणि साठव, आणि नल बिल्ड चाळीस सेकंदांवरून सातवर आला. एक कोलन! तुमच्या बारा वर्षांच्या मेकफाईलींमध्ये असा एखादा दडलेला असणारच, आधी तो शोधा. आंधळेपणाने सगळीकडे कोलन लावत सुटू नका मात्र, काही व्हेरिएबल मुद्दाम उशिरा उलगडायचे असतात, नियमाच्या आत टार्गेटचं नाव वापरणारे वगैरे.

तिसरं, त्या डी एक्स्टेन्शनच्या फाईली. कुठली सोर्स फाईल कुठले हेडर ओढते ते कंपायलर त्यात लिहून देतो आणि मेक त्या सगळ्या दर वेळी वाचतं. तुमच्याकडे साडेचार हजार, प्रत्येकीत शेकडो नावं, हा सगळा मजकूर दर बिल्डला नव्याने.

आता निंजा. हे इव्हन मार्टिन यांनी क्रोमियम ब्राउझरवर काम करताना लिहिलं. तिथे तीस हजारांच्या वर सोर्स फाईली होत्या आणि एक फाईल बदलली की बाकीच्या बिल्ड सिस्टिम, त्यात खास हाताने नीट लिहिलेल्या आणि फोल्डरागणिक मेक न चालवणाऱ्या मेकफाईलीही आल्या, कंपाइलला हात घालायलाच दहा सेकंद घ्यायच्या. निंजाला एका सेकंदाच्या आत जमलं. यात जादू नाही, त्याने विचार करायचंच काम काढून टाकलंय. निंजाच्या फाईलीत इफ नाही, लूप नाही, शेल बोलावून यादी काढणं नाही. काय कशातून बनतं आणि कुठल्या कमांडने, एवढंच सपाट लिहिलेलं. हेडरची माहिती ते वाचून घेतं, डी फाईल टाकून देतं आणि स्वतःच्या एका आटोपशीर बायनरी फाईलीत ठेवतं. आणि प्रत्येक गोष्ट कुठल्या कमांडने बनवली होती त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, नोंदवून ठेवतं, त्यामुळे कंपायलरचा एखादा फ्लॅग बदलला तरी त्याला कळतं. साध्या मेकला हे कळत नाही, फ्लॅग बदलून तुम्ही मेक मारता आणि ते म्हणतं सगळं अद्ययावत आहे.

काटीचं काम या दोघांच्या मधलं. ते स्वतः बिल्ड जोरात करत नाही. ते जीएनयू मेकसारखं मेकफाईल वाचतं, सगळं उलगडतं, आणि बनवण्याऐवजी ते उलगडलेलं चित्र निंजाच्या फाईलीत उतरवून ठेवतं. गूगलने ते अँड्रॉइडसाठी लिहिलं, तिथल्या अवाढव्य मेकफाईली दर वेळी वाचण्यातच वेळ जायचा म्हणून, आणि २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७.० पासून तिथे काटी, निंजा आणि अँड्रॉइडचं स्वतःचं बिल्ड टूल सूंग अशी साखळी आली. पुढच्या वेळी मेकफाईल वाचायचीच नाही, थेट निंजा. पण मग मेकफाईल वाचली असती तर आज निराळं काही निघालं असतं का, हे कसं कळणार? समजा फोल्डरमध्ये एक नवी फाईल टाकली आणि मेकफाईल वाइल्डकार्डने (अमुक एक्स्टेन्शनच्या सगळ्या, असं म्हणून) यादी काढत होती, तर? म्हणून काटी लक्षात ठेवतं की आपण कुठल्या मेकफाईली वाचल्या, कुठले एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बघितले, कुठल्या वाइल्डकार्डला आणि कुठल्या शेल कमांडला काय उत्तर आलं होतं, आणि रीजनरेट तपासणी चालू ठेवलीत तर पुढच्या वेळी फक्त तेवढंच पडताळतं. सगळी कळ या पडताळणीत आहे. तुमच्या मेकफाईलीत आत्ताची तारीख-वेळ विचारणारी शेल कमांड असेल तर उत्तर दर वेळी निराळं येणार, निंजाची फाईल परत परत काढत बसावी लागणार आणि सगळा फायदा पाण्यात.

आणि आता तुमच्यासाठी वाईट बातमी. तुमचा प्रोजेक्ट फोल्डरागणिक मेक चालवणारा आहे. काटीच्या दृष्टीने आतल्या फोल्डरमध्ये जाऊन मेक चालवणं ही बाकीच्यांसारखीच एक कमांड, ती कमांड आत काय करते ते त्याला दिसत नाही. तुम्ही वरच्या मेकफाईलीवर काटी चालवलंत तर निंजाची अगदी सुंदर छोटीशी फाईल मिळेल आणि त्यात लिहिलेलं असेल, या फोल्डरमध्ये जा नि मेक चालव, त्या फोल्डरमध्ये जा नि मेक चालव. वेळ होता तिथेच. म्हणजे आधी त्या मेकफाईली सपाट कराव्या लागतील: प्रत्येक फोल्डरमध्ये फक्त फाईलींची यादी आणि त्या फोल्डरचे खास फ्लॅग उरतील अशी छोटी फाईल, आणि वरून एकच मेक सगळ्यांना इनक्लूड करेल. हे काम टूल करणार नाही, माणसालाच करावं लागेल. मी असते तर एवढं करतानाच सीमेकवर गेले असते, कारण एकदा फोल्डरागणिक फाईलींची यादी हातात आली की सीमेकची फाईल लिहायला फार वेगळे कष्ट नाहीत आणि निंजाची फाईल ते स्वतः काढून देतं. काटी कोणाला शोभतं, तर ज्यांच्याकडे आधीपासून एकच भली थोरली सपाट मेकफाईल आहे आणि ती पुन्हा लिहिणं परवडत नाही त्यांना.

कुठल्याही रस्त्याने गेलात तरी एक करा. जुन्या पद्धतीने पूर्ण बिल्ड करताना चाललेल्या सगळ्या कमांड एका फाईलीत घ्या, निंजाला डॅश टी कमांड्स म्हटलं की नव्या बाजूची यादी मिळते, दोन्ही सॉर्ट करून शेजारी ठेवा आणि फरक वाचा. बारा वर्षांत कोणीतरी एका फोल्डरपुरता ऑप्टिमायझेशन बंद केलेलं असतं, आणि ते का केलं होतं ते प्रॉडक्शनमध्येच कळतं. मेकची कमांड यादी डॅश एनने काढणार असाल तर जरा जपून, ज्या ओळीत मेक परत बोलावलेलं असतं ती ओळ डॅश एन दिलं तरी खरोखर चालते.

प्रश्न: आमचा प्रोजेक्ट आधीच सीमेकवर आहे, पण ते मेकफाईली काढून देतं आणि आम्ही मेक चालवतो. निंजासाठी काय बदलावं लागेल?

उत्तर: नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये सीमेक चालवताना डॅश जी निंजा द्या. झालं. जुन्याच बिल्ड फोल्डरमध्ये देऊ नका, ते जनरेटर जुळत नाही म्हणून भांडेल. आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठे मेक डॅश जे लिहिलेलं असेल तिथे सीमेक डॅश डॅश बिल्ड लिहा, मग खाली काय आहे याची फिकीर नको.

प्रश्न: नमस्कार मॅडम, निंजावर आलो पण निराशा झाली. काहीच बदललं नाही तरी दर वेळी तीनशे-चारशे फाईली परत कंपाइल होतात. मेकवर असं होत नव्हतं. परत मागे जावं का?

उत्तर: थांबा, मागे जाऊ नका. कन्व्हर्ट केल्यावर पहिल्या वेळी सगळं परत बनतंच, निंजाच्या नोंदवहीत काहीच नसतं म्हणून, ते सोडा. पण लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर निंजाने "करायला काही काम नाही" एवढंच म्हणून गप्प बसायला हवं, आणि ते ओळीने तीन वेळा म्हणत नाही तोवर कन्व्हर्जन पूर्ण झालं असं मी मानत नाही. आता निंजाला डॅश डी एक्सप्लेन देऊन चालवा, कुठली फाईल का परत बनतेय ते ओळीओळीने सांगेल. तीनशे ओळींना घाबरायचं नाही, पहिली वाचा, बाकीच्या बहुतेक तिच्यामागून आलेल्या असतात.

माझा अंदाज सांगते, व्हर्जनचा हेडर असणार. एक छोटी स्क्रिप्ट, गिटला विचारून व्हर्जन नंबर काढते आणि एका हेडरमध्ये लिहिते, दर बिल्डला. नंबर तोच असला तरी फाईल नव्याने लिहिली म्हणून तारीख बदलली, आणि तो हेडर कोणीतरी कॉमन हेडरमध्ये इनक्लूड केलेला, की बसले चारशे जण रांगेत. जुन्या मेकफाईलीत ही डिपेंडन्सी लिहिलीच नसेल, म्हणून तिथे सगळं शांत होतं आणि तुमचे प्रोग्राम बिनबोभाट जुना व्हर्जन नंबर सांगत होते. निंजाने नवीन काही बिघडवलेलं नाही, झाकलेलं उघडं पाडलंय.

उपाय दोन, दोन्ही करा. स्क्रिप्टने नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाईलीत लिहावा, जुन्याशी तुलना करावी, तोच असेल तर खऱ्या हेडरला हातच लावू नये. आणि निंजाच्या त्या नियमाला रीस्टॅट हा पर्याय चालू करा, म्हणजे कमांड संपल्यावर निंजा फाईलीची तारीख परत बघतं आणि बदलली नसेल तर पुढची सगळी रांग रद्द करतं. यात स्क्रिप्ट दर वेळी चालणारच, तेव्हा "काही काम नाही" हे बोल हवे असतील तर ती गिटच्या लॉग्ज फोल्डरमधल्या हेड फाईलीवर टांगा, नाहीतर ती एक कमांड दर वेळी चालते हे खपवून घ्या. शिवाय तो हेडर कॉमन हेडरमधून काढा आणि एकाच सोर्स फाईलीत इनक्लूड करून तिथे एक फंक्शन ठेवा. मग नंबर खरंच बदलला तरी एकच फाईल कंपाइल होईल.

प्रश्न: आमच्याकडे उलटं. अधूनमधून बिल्ड फेल होतो, म्हणतो की अमुक हेडर सापडला नाही. परत चालवला की पास. निंजा भरवशाचं नाही असं सिनियर म्हणतात.

उत्तर: तो हेडर जनरेट होणारा आहे ना? मेक साधं चालवलं तर एका वेळी एकच काम, डावीकडून उजवीकडे, त्यामुळे हेडर योगायोगाने आधी बनत होता. निंजा न सांगता सगळे कोअर वापरतं, त्यामुळे कधी कंपायलर आधी पोचतो कधी जनरेटर. त्या ऑब्जेक्ट फाईलींना (कंपायलर बनवतो त्या) हा हेडर ऑर्डर-ओन्ली डिपेंडन्सी म्हणून द्या, निंजाच्या फाईलीत दोन उभ्या दांड्यांनंतर लिहितात. अर्थ असा की आधी हा बनू दे, पण हा बदलला म्हणून मला परत बनवायची सक्ती नको, ती खरी गरज कंपायलरच्या यादीतून कळेलच. सिनियरांना म्हणावं जुन्या बाजूला मेक डॅश जे सोळा देऊन बघा, तिथेही हेच होईल.

प्रश्न: ब्रँच बदलून परत आलो की अर्धा प्रोजेक्ट कंपाइल होतो, एक अक्षर बदललेलं नसताना. निंजाला हॅश कळतो म्हणता ना?

उत्तर: कमांडचा हॅश कळतो हो, फाईलीतल्या मजकुराचा नाही. फाईलींसाठी निंजाही मेकसारखंच तारीख-वेळच बघतं. गिट जाताना ज्या फाईली बदलतं आणि येताना परत ठेवतं त्या सगळ्यांवर आत्ताची वेळ पडते. दोन ब्रँचवर सारखी ये-जा असेल तर गिट वर्कट्री वापरा, दोन फोल्डर, दोन बिल्ड, कोणी कोणाला त्रास देत नाही. आणि सीकॅश बसवा, ते मजकूर बघतं, आधी कंपाइल केलेलं असेल तर साठवलेली ऑब्जेक्ट फाईल काढून देतं. वर्कट्रीबरोबर वापरणार असाल तर त्याचं बेस डिर हे सेटिंग नक्की करा, नाहीतर दोन फोल्डरांचे पूर्ण पाथ वेगळे म्हणून साठवलेलं जुळतच नाही आणि सीकॅश काही कामाचं नाही असं तुम्ही मला पत्र लिहाल.

प्रश्न: वीस वर्षं मेक वापरतोय. दर दोन वर्षांनी कोणीतरी नवीन खेळणं घेऊन येतं. मेकमध्ये वाईट काय आहे ते एकदा सांगाच.

उत्तर: काहीच नाही, काका. लिनक्सचा कर्नल आजही मेकवरच बनतो, आणि त्याच्या फाईली तुमच्या-माझ्या प्रोजेक्टपेक्षा कैक पटींनी जास्त. फक्त त्यांनी त्यावर बरीच मेहनत घेतलीय: प्रत्येक ऑब्जेक्ट कुठल्या कमांडने बनवली ते शेजारी सीएमडी एक्स्टेन्शनच्या लपलेल्या फाईलीत लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी ताडून बघतात, म्हणजे निंजा जे स्वतःहून करतं तेच मेकमध्ये हाताने विणलंय. तुमचा प्रोजेक्ट पन्नास-शंभर फाईलींचा असेल आणि नल बिल्ड पापणी लवायच्या आत होत असेल तर कशालाही हात लावू नका.

प्रश्न: कंपाइल दोन सेकंदांत होतं आणि लिंक पस्तीस सेकंद. यावर कन्व्हर्जनचा काही उपाय?

उत्तर: कन्व्हर्जनचा नाही. लिंकर बदला, एलएलडी किंवा मोल्ड, कंपायलरला एक फ्लॅग द्यायचा असतो, मोल्डचा फ्लॅग जीसीसी या कंपायलरला १२ व्या आवृत्तीपासून कळतो. डीबग माहिती वेगळ्या फाईलीत ठेवणारा स्प्लिट ड्वॉर्फचा पर्याय पण लावून बघा, लिंकरचं बरंच ओझं त्यातच असतं. आणि एकाच वेळी दहा लिंक सुरू होऊन मेमरी संपत असेल तर निंजात लिंकसाठी वेगळा पूल करून त्याची खोली दोन ठेवा, म्हणजे एका वेळी दोनच लिंक चालतील.

प्रश्न: ताई, मी शिकतेय अजून. मेकफाईलीत टॅबऐवजी स्पेस पडला म्हणून काल दोन तास गेले. हा टॅबचा नियम कोणी आणि का काढला?

उत्तर: फेल्डमन यांनीच. घाईत केलेली सोय होती, आणि चूक लक्षात आली तोवर मेक वापरणारे जेमतेम डझनभर लोक झाले होते, त्यांच्या फाईली मोडायला नकोत म्हणून तसंच राहू दिलं. त्या डझनभरांच्या सोयीसाठी तुझे दोन तास गेले. निंजाच्या फाईलीत टॅब टाकून बघ, ते सरळ एरर देऊन थांबतं आणि सांगतं, टॅब चालणार नाही, स्पेस वापरा.